गाडी वाळूत रुतते तेव्हा

आज आपण टायरमधल्या हवेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या कार्यक्रमात टायर कुठून आला? हिशोबाची वही, कोकमाचं आगळ, कर्जाचे हप्ते यावर बोलणारी ही बाई आज गॅरेजवाल्यासारखी का बोलते? सांगते.

मी कसालला राहते. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणला जायचं तर आमच्या तिठ्यावर वळावं लागतं. डिसेंबर लागला की मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या गाड्यांची रांग इथूनच खाली उतरते. त्यात अलीकडे उंच, रुंद चाकांच्या गाड्या खूप. त्यातल्या पाहुण्यांना तारकर्ली, देवबाग, वायरी इथं जेवूखाऊ घालणाऱ्या, घरात उतरवून घेणाऱ्या कितीतरी जणी आपल्याच गटांतल्या आहेत. म्हणून ती गाडी आपल्या दारापर्यंत येते, आणि तिथून पुढे कुठे जाते, हाही आपला विषय होतो.

गेल्या नाताळची गोष्ट. गटाच्या वसुलीसाठी मी देवबागच्या बाजूला एका ताईंकडे गेले होते. त्यांच्याकडे पाहुणे उतरले होते, दोन कुटुंबं, एक मोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी. त्यातल्या दादांनी मला विचारलं, "ताई, गाडी खाली किनाऱ्यावर नेता येते का?" मी म्हटलं, "न्या की, सगळेच नेतात." एवढंच बोलले मी. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, असा विचार होता. आज ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

सुरुच्या बनातून गाडी उतरली, कोरड्या वाळूत वीस-पंचवीस पावलं गेली आणि थांबली. दादांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, वाळू मागे उडाली आणि गाडी पोटावर बसली. भरती चढत होती. मग सगळी वाडी धावली. बायकांनी मागून ढकललं. कुणीतरी पिकअप आणली, नायलॉनची दोरी आणली, दोरीचा हुक पुढच्या बंपरला अडकवला. रापणीवरचे एक म्हातारे आजोबा ओरडत होते, "गाडी रवांदे थय, माणसां आदी मागे कर!" कुणी ऐकलं नाही. पिकअपने हिसका दिला, बंपरचा तुकडा हुकासकट सुटला आणि आमच्या गटातल्या एका काकींच्या नडगीवर बसला.

हाड मोडलं नाही, पण टाके पडले. काकी तीन आठवडे घरी होत्या. त्या दिवसांत त्यांची कोकमं तशीच राहिली, पापडांची ऑर्डर दुसरीकडे गेली. शेवटी ट्रॅक्टरने गाडी काढली तेव्हा लाटा मागच्या चाकांपर्यंत आल्या होत्या. पाहुणे भले होते, दवाखान्याचा खर्च त्यांनी दिला. पण माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना. चारही चाकांना ताकद असलेली गाडी रुतली कशी? तेव्हापासून मी तिठ्यावरच्या पंक्चरवाल्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, गाडी चालवणाऱ्या आमच्या भाच्याला विचारत राहिले, थोडं वाचलं. जे कळलं ते आज सांगते.

पहिली गोष्ट. फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे काय? साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते, पुढच्या किंवा मागच्या. फोर व्हील ड्राइव्हमध्ये ती चारही चाकांना जाते. चिखलाच्या घाटीत, निसरड्या चढावर त्याचा उपयोग होतो. पण मोठी दिसणारी प्रत्येक गाडी तशी नसते. बऱ्याच उंच गाड्यांना ताकद दोनच चाकांना असते. आणि जिला चारही चाकांना असते, तिचंही वाळूत काय होतं? खालची वाळू सरकली तर दोन चाकं दोन खड्डे खणतात, चार चाकं चार खणतात. वाळूत रुतायचं की नाही हे इंजिन ठरवत नाही. गाडीचं वजन केवढ्या जागेवर टेकलं आहे, यावर ते ठरतं.

आपण जरा हिशोब करू. समजा माणसांसकट गाडीचं वजन १८०० किलो. म्हणजे एका चाकावर ४५० किलो. डांबरी रस्त्यासाठी टायरमध्ये हवा असते ३२ च्या आसपास. पंपावर आपण "बत्तीस मार" म्हणतो ना, ते. ३२ हवा म्हणजे टायरच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा दाब. ४५० ला सव्वादोनने भागलं तर येतात २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग असतो एका बशीएवढा. आता हवा निम्मी केली, १६ वर आणली, तर टेकलेला भाग दुप्पट होतो, ४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका भाकरीएवढा. टायरच्या कडांचा ताठपणा असतो म्हणून अगदी काटेकोर असं होत नाही, पण अंदाज बरोबर आहे.

बशीवर ४५० किलो आणि भाकरीवर ४५० किलो, यात वाळूला कोणतं झेपेल ते तुम्हीच सांगा. उंच टाचेची चप्पल घालून पुळणीवर चालून पाहा, टाच आत जाते. अनवाणी चाललात तर पाऊल वर राहतं. राजस्थानच्या वाळवंटात उंट चालतो तो याच कारणाने. त्याचा तळवा मऊ आणि पसरट असतो, वजन पडलं की आणखी पसरतो. हवा कमी केलेला टायरही तसाच पसरतो, रुंदीपेक्षा लांबीला जास्त. म्हणून थरच्या वाळवंटात असो की अरबस्तानात, वाळूवर गाडी घालणारा जाणता माणूस आधी खाली उतरतो आणि टायरमधली हवा सोडतो.

हे मी एका बैठकीत सांगितलं तेव्हा एका वहिनींनी विचारलं, "हवा काढल्यार गाडी चलतली कशी?" प्रश्न अगदी बरोबर आहे. डांबरावर ती नीट चालणार नाहीच. कमी हवेच्या टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, टायर तापतो आणि वेगात फुटतो. म्हणून हवा सोडायची ती फक्त वाळूपुरती, आणि रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरायची.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे जीपगाडी? पण किनाऱ्यालगतच्या वाड्यांत घरापर्यंतची पाणंद वाळूची असते. गॅसची गाडी, सामानाचा टेम्पो, पाहुण्यांची गाडी, सगळं त्याच पाणंदीत रुततं. आपले नवरे, मुलगे, भाचे गाड्या चालवतात. आता आपल्या काही मुलीही चालवतात. म्हणून हे नीट ऐका आणि घरी सांगा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. रस्त्यावर त्या गाडीला किती हवा लागते ते तिथे लिहिलेलं असतं. तो आकडा आधी बघून ठेवायचा. मऊ वाळूत शिरण्याआधी हवा १८ ते २० वर आणायची. रुतल्यावरच काढायची असं नको. चारही टायरमध्ये सारखी हवा हवी. व्हॉल्व्हची टोपी काढून आतली बारीक पिन किल्लीच्या टोकाने दाबली की हवा सुटते. मध्येमध्ये थांबून मीटरने मोजायची. हे मीटर स्वस्त असतं, गाडीत ठेवावं. गाडी रुतलीच, तर १५ पर्यंत उतरता येतं. त्याखाली आपण जायचं नाही. हवा फार कमी झाली आणि गाडी जोरात वळवली, तर टायर रिमवरून निसटतो. ज्या गाड्यांचे टायर बारीक कडेचे आणि रिम मोठी असते, त्यांना हा धोका जास्त. त्या गाड्या वाळूत न्यायच्याच नाहीत.

हवा कमी असताना वेग अगदी कमी ठेवायचा, ताशी तीस किलोमीटरच्या आत. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ते वाळूत शिरण्याआधी चालू करायचं, रुतल्यावर नव्हे. एकाच संथ गतीने जायचं. करकचून ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो. थांबायचं असेल तर पाय काढून गाडी आपसूक थांबू द्यायची, जमल्यास उतारावर. झटकन वळायचं नाही. आधीच्या गाडीची चाकोरी असेल तर तीच धरायची. बाहेर पडल्यावर हवा भरायची. गाडीतल्या वीजेवर चालणारा छोटा पंप मिळतो. तो नसेल तर सावकाश जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जायचं आणि तिथे पहिलं काम हवा भरण्याचं. चाकं खाऱ्या पाण्याला लागली असतील तर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर गंज लागलाच म्हणून समजा.

आणि गाडी रुतली तर? पहिलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. चाक फिरवत राहिलं की गाडी आणखी खाली जाते. दुसरं, सगळ्यांनी उतरायचं, सामान उतरवायचं, वजन कमी करायचं. तिसरं, फावड्याने किंवा करवंटीनेही चालेल, चाकांच्या पुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढायची. चौथं, हवा १५ वर आणायची. पाचवं, चाकांपुढे फळी, पोती, नारळाची झावळं घालायची आणि हलक्या पायाने गाडी काढायची. पुढे जात नसेल तर आपल्याच चाकोरीतून मागे घ्यायची. बहुतेक वेळा एवढ्याने गाडी निघते, दोरीची गरज लागत नाही.

दोरी लागलीच तर काकींची नडगी आठवा. दोरी बंपरला कधीही बांधायची नाही. ओढण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला जी कडी दिलेली असते, तिलाच बांधायची. मधोमध दोरीवर जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटली तर उसळी कमी होते. आणि दोरी जेवढी लांब, त्याच्या दीडपट अंतरावर माणसं. मुलं तर त्याहून लांब. ताणलेल्या दोरीच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. ढकलणारी माणसं आणि ओढणारी दोरी एकाच वेळी नकोत. बायकांनो, कुणी "या, जरा हात लावा" म्हटलं तर हे विचारल्याशिवाय हात लावू नका. गाडी दुसरी मिळते.

आता दुसरी बाजू. ही सगळी युक्ती कळली म्हणून गाडी किनाऱ्यावर न्यायची का? माझं उत्तर आहे, नाही. पाणंदीतल्या वाळूसाठी ही युक्ती वापरा. सुरुच्या बनाच्या पुढे गाडी नको. यामागे तीन कारणं आहेत.

पहिलं कारण भरती. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, म्हणून माणसाला वाटतं इथून गाडी छान जाईल. पण तिथे पोचायला आणि परतायला वरची कोरडी वाळू ओलांडावीच लागते, आणि रुतते ती तिथेच. मग पाणी थांबत नाही. आपल्याकडची जुनी माणसं तिथीच्या पाऊणपटीने भरती काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला, आणि त्या दिवसांत उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर येतं. शहरातल्या पाहुण्याला हे माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं, तर आपणच सांगायला हवं.

दुसरं कारण कासवं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री आपल्या किनाऱ्यांवर येते. भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वरून काहीच दिसत नाही. म्हणजे आपल्या पर्यटनाचा मोसम आणि कासवांचा मोसम एकच, आणि गाडी रुतते ती जागाही तीच. चाकाखाली वाळू दबली की घरटं गेलं. पिल्लं वाचून बाहेर आली तरी चाकोरीच्या खोल रेघेत पडतात, वर चढता येत नाही आणि समुद्राऐवजी रेघेतूनच चालत दमतात. सकाळ झाली की कावळे, कुत्रे टपलेले असतातच. गाडीचे दिवे चमकले तर रात्री आलेली मादी अंडी न घालताच परत फिरते. हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने त्याला संरक्षण आहे.

यात आपल्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव तुम्ही ऐकलं असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर २००२ पासून तिथे घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. लोक पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावात घराघरात राहतात, बायकांच्या हातचं जेवतात. आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या वायंगणीतही असा महोत्सव होतो. वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. या सगळ्या ठिकाणी पाहुणा जे बघायला पैसे देतो, ते कुणीतरी राखलं म्हणून शिल्लक आहे.

तिसरं कारण वाळूची टेकाडं. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते, जांभळ्या फुलांची. तिच्या मुळांनी वाळू धरलेली असते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे लाट घरापर्यंत येण्याआधी हे टेकाडच आडवं येतं. गाड्या रोज एकाच वाटेने गेल्या की वेल मरते, वाळू सुटते, वाऱ्याने उडते आणि टेकाडाला खिंड पडते. पावसाळ्यात पाणी त्या खिंडीतूनच आत येतं. शिवाय रापण ओढणारी माणसं, जाळी वाळत घातलेली, खेळणारी मुलं, सगळी त्याच पट्ट्यात असतात.

पाहुणे म्हणतात, केरळात चालतं मग इथे का नाही? कन्नूरजवळ मुळप्पिलंगाड नावाचा किनारा आहे, तिथे साधारण चार किलोमीटर गाडी चालवता येते. खरं आहे. पण तिथली वाळू घट्ट आहे आणि लोक त्यासाठीच तिथे जातात. ऑस्ट्रेलियात क्गारी नावाचं वाळूचं मोठं बेट आहे. तिथे किनाराच रस्त्यासारखा वापरतात, पण त्यासाठी परवाना काढावा लागतो, ओहोटी बघूनच निघावं लागतं. आपल्याकडे तशी सोय नाही. उलट कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवलेले आहेत. हेही पाहुण्याला गोड शब्दांत सांगता येतं.

काकी बऱ्या झाल्यावर आमची बैठक झाली. मी माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली. तेव्हा काकीच म्हणाल्या, "तुझी एकटीची नाय गो. आमी पण ढकलूक गेलंव." मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. पाहुणा खोली घेताना चहाबरोबर त्याला तीन गोष्टी सांगायच्या. गाडी अंगणात किंवा बनाअलीकडे लावा. आजची भरती अमुक वाजता आहे. किनाऱ्यावर चालत जा, वाट आम्ही दाखवतो. हे लिहिलेला कागद दाराजवळ लावायचा. म्हाताऱ्या माणसांना चालवत नसेल तर घरचं कुणीतरी हात धरून नेईल. घरात एक मीटर, एक फावडं, दोन फळ्या आणि दोन पोती ठेवायची. सगळं मिळून फार खर्च येत नाही, दोन घरांत एक संच असला तरी पुरतो.

आम्हाला भीती होती, पाहुणे रागावतील, दुसरीकडे जातील. एकदोघांनी तोंड वाकडं केलं. बाकीच्यांनी विचारलं, कासवं खरंच येतात का इथे? मग त्यांच्याशी गप्पा रंगल्या. त्यातलं एक कुटुंब मुलांना घेऊन पुन्हा आलं.

मैत्रिणींनो, पाहुण्याला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. पण "तिथे रुताल, इथे लावा" हे सांगणं आदरातिथ्यातच येतं. गरम तव्याला हात लावू नका, हे आपण पाहुण्याला सांगतोच ना? तसंच हे.

या आठवड्यासाठी एक काम देते. तुमच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. घरात गाडी असेल तर दाराच्या चौकटीवरचा हवेचा आकडा वाचून या. किनाऱ्यावरच्या गटांनी आपल्या वाडीतल्या पाणंदी मोजा, गाडी कुठपर्यंत आणि कुठून पुढे नाही, ते ठरवा. ग्रामसभेत तो ठराव मांडा. आणि रापणीवरचे आजोबा काही ओरडत असतील, तर या वेळी आधी त्यांचं ऐका.

काकी आज कार्यक्रम ऐकत आहेत. काकी, पायाची काळजी घ्या. सगळ्यांना नमस्कार.